कुपोषित बालकाला दवाखान्यात नेण्यासाठी आदिवासी भागात सक्ती करावी का?

प्रश्न : सिपनाकाठ

मी एमबीबीएसनंतरची बंधपत्रित सेवा मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करत आहे. केंद्राचे आणि गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यातून त्या कुटुंबाची ओळख पटू शकते.

पावसाळ्याच्या तोंडावर अंगणवाडीत वजने घेताना चौदा महिन्यांची एक मुलगी आढळली. तिचा दंडघेर 11 सेंटीमीटरच्याही खाली होता, दोन्ही पावलांवर सूज होती आणि अंगात ताप होता. अशा बालकाला गावात ठेवून चालत नाही, म्हणून मी तिला तालुक्याच्या रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याचा सल्ला दिला. आईने मान हलवली, पण रुग्णवाहिका आली तेव्हा ती घरी नव्हती. पुन्हा समजावण्यासाठी गेलो तर सासूने दार उघडले नाही. नंतर कळले की मुलीला घेऊन आई माहेरी निघून गेली आहे. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की पोलीस पाटलाला आणि गरज पडल्यास पोलिसांना सोबत घेऊन मुलीला उचलून आणायला हवे होते, कारण मूल दगावले तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो. आशाताईंचे मत नेमके उलटे होते. एकदा पोलीस आले की या गावातली एकही गरोदर बाई पुढे आपल्याला दार उघडणार नाही, असे त्या म्हणाल्या.

तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. पालक नकार देत असतील आणि मूल मरणाच्या दारात असेल, तर शासनाने हस्तक्षेप कुठपर्यंत करावा? ज्यांनी अशा भागांत प्रत्यक्ष काम केले आहे, किंवा कायद्याच्या अंगाने याचा विचार केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : पळसफूल

डॉक्टरताई, माझी सारी नोकरी आरोग्य सेविका आणि पुढे सहायिका म्हणून धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतच झाली, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेले बंद दार मला चांगले ठाऊक आहे. ती आई मुलीला घेऊन का गेली असेल, याची काही कारणे मी सांगू शकते. त्यांतले एकही कारण अज्ञान या एका शब्दात बसत नाही.

पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन आठवडे म्हणजे पेरणी. घरात मोठी दोन मुले असतात आणि त्यांच्याजवळ कोणी नसते. आईला बुडीत मजुरी मिळते हे खरे, पण ती हातात केव्हा पडेल हे सांगता येत नाही, आणि किराणा दुकानदार त्या आश्वासनावर तांदूळ देत नाही. मी एका बाईसोबत वॉर्डात बसले होते, तेव्हाचे दृश्य सांगते. तिला खाटेवर झोपायची सवय नव्हती, म्हणून ती मुलाला घेऊन खाली फरशीवर निजली, तर परिचारिकेने सगळ्यांसमोर तिला झापले. जेवण आले ते रुग्णाचे आणि आईचे, सोबत आलेल्या आजीचे नव्हते. त्या दोघींनी ते तिघांत वाटून खाल्ले. इथल्या आदिवासींची कोरकू भाषा बोलणारे त्या मजल्यावर कोणीच नव्हते. मुलाला सलाईनसाठी आत नेले तेव्हा त्याचे काय चालले आहे हे आईला कोणी सांगितले नाही, आणि ती पहाटे बसस्टँड गाठून निघून गेली. नोंदवहीत शेरा पडला : ‘रुग्ण न सांगता पळून गेला.’

ज्या मुलांना सूज नाही, ताप नाही आणि भूक चांगली आहे, त्यांच्यासाठी अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र चालवता येते. मूल दिवसातून अनेकदा तिथे खाते, औषध घेते आणि रात्री आईजवळ घरी झोपते. जिथे अंगणवाडी सेविका मनापासून काम करते तिथे मी मुले भरताना पाहिली आहेत. तुमच्या मुलीला सूज आणि ताप होता, म्हणजे तिला खाटेचीच गरज होती हे मान्य. पण अशा वेळी मी पोलीस पाटलाकडे न जाता गावातल्या भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, जात असे. घरात कोणी आजारी पडले की पहिला निरोप भूमकालाच जातो, आणि ‘आधी दवाखान्यात जा, मी इथे पूजा करतो’ एवढे त्याने म्हटले की रुग्णवाहिकेत बसायला आजीसुद्धा तयार होते. याच अनुभवावरून पुढे प्रशासनानेही भूमकांना बैठकांना बोलावून रुग्ण पाठवण्याच्या कामात सामील करून घेतले. काही शहाण्यासुरत्या मंडळींना यात अंधश्रद्धेला मान्यता दिल्यासारखे वाटले. मला त्यात वेळेवर दवाखान्यात पोहोचलेली मुले दिसतात.

प्रतिसाद : कलम एकवीस

पळसफूल यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून मला वेगळी बाजू मांडायची आहे. मी वकिली करतो आणि बालहक्कांची काही प्रकरणे हाताळली आहेत.

समाजाची संस्कृती, कुटुंबाचा निर्णय आणि आईचा विश्वास या सगळ्या गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या मोठ्यांच्या आहेत. चौदा महिन्यांच्या मुलीला स्वतःचा जगण्याचा हक्क आहे आणि तो संविधानाने तिला दिला आहे, तिच्या आईच्या सासरच्या-माहेरच्यांनी नव्हे. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातून आलेली बातमी अनेकांना आठवत असेल. अवघ्या 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके दिले होते. डंबा या नावाने चालणारा हा उपचार फुगलेले पोट उतरावे म्हणून करतात. अशा ठिकाणी शासनाने ‘समाजाचा विश्वास मिळवू, मग पाहू’ म्हणत थांबायचे का? मी तरी याचे उत्तर ठामपणे नाही असेच देईन. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकासाठी बालकल्याण समिती आदेश देऊ शकते, आणि जिवाला तात्काळ धोका असेल तर त्या अधिकाराचा वापर करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

मात्र या अधिकाराला मी दोन अटी घालेन. धोका तात्काळ आणि डॉक्टरने लेखी नोंदवलेला असावा, केवळ वजन कमी आहे एवढ्यावर कोणाच्या घरात शिरता येणार नाही. दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. हाच नियम पुण्यातल्या सदनिकेत राहणाऱ्या, मुलाला रुग्णालयात नेण्यास नकार देणाऱ्या सुशिक्षित पालकांनाही लावण्याची आपली तयारी असली पाहिजे. तिथे आपण समुपदेशन करणार आणि मेळघाटात पोलीस पाठवणार असू, तर तो बालहक्काचा आग्रह उरत नाही, दुर्बलावर चालणारा वरचष्मा होतो. डंबा देणाऱ्या व्यक्तीवर गुन्हा दाखल व्हावा, पण आईवर होऊ नये, हेही मी याच न्यायाने म्हणतो. आईला आरोपी केले की पुढच्या वेळी चटक्यांचे व्रण लपवले जातील आणि मूल दवाखान्यात येणारच नाही.

प्रतिसाद : दक्षिणायन

मी मूळचा अमरावतीचा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत आरोग्य सेवेत नोकरी करतो. इथे हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर आणि फार कडवटपणे होऊन गेला आहे, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो.

2007 मध्ये रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांनी आदिवासी मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयी टेरिटरी सरकारला अहवाल सादर केला. त्यात 97 शिफारशी होत्या, आणि पहिल्याच शिफारशीत म्हटले होते की कोणतीही योजना आखताना आदिवासी समाजांशी खरीखुरी सल्लामसलत झाली पाहिजे. अहवाल जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, 21 जून 2007 रोजी पंतप्रधान जॉन हॉवर्ड आणि त्यांचे मंत्री मॅल ब्रफ यांनी आणीबाणीची उपाययोजना घोषित केली. ती पहिली शिफारस बाजूलाच राहिली. 73 वस्त्या कायद्याखाली आणल्या गेल्या, व्यवस्थेच्या मदतीला लष्कराचे जवान पाठवले गेले, वस्त्यांच्या वेशीवर दारू आणि अश्लील साहित्याच्या बंदीचे मोठे फलक लागले, आणि तिथे राहणाऱ्यांच्या सरकारी भत्त्यातली निम्मी रक्कम ठरावीक वस्तूंवरच खर्च करता येईल अशी बांधून टाकली गेली. मूल नीट सांभाळणारी आई आणि न सांभाळणारा बाप असा भेद केला नाही. वस्तीत राहतो म्हणून प्रत्येकाचा भत्ता बांधला. हे वंशभेदविरोधी कायद्यात बसणारे नव्हते, म्हणून त्या कायद्याची अंमलबजावणीच या उपायांपुरती स्थगित केली. सगळ्या मुलांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करण्याचीही घोषणा झाली होती, पण डॉक्टरांनीच विरोध केल्यामुळे ती ऐच्छिक करावी लागली.

तपासण्यांमध्ये जे आढळले ते रक्तक्षय, कानाचे जुने संसर्ग, किडलेले दात आणि त्वचेचे रोग. यातले बरेचसे स्थानिक दवाखान्यांना आधीपासून माहीत होते. अडचण होती ती पुढच्या उपचारांची, म्हणजे कानाच्या शस्त्रक्रियेची, दंतवैद्याची, आणि एका घरात खूप माणसे दाटीने राहत असल्याने पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गाची. भत्ता बांधून टाकल्यावर लोक सकस अन्न घेतील हा अंदाजही फसला. वस्त्यांमधल्या दुकानांच्या विक्रीचा अभ्यास झाला, त्यात फळभाज्यांची विक्री वाढल्याचे किंवा तंबाखूची घटल्याचे दिसले नाही. योजना लागू होत असतानाच्या काळात गर्भात असलेल्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन उलट कमी भरल्याचे आणखी एका अभ्यासात आढळले. पैसे अडकून पडणे, भत्त्याचे कार्ड न चालणे आणि घरातला ताण ही कारणे त्यामागे असावीत.

पण म्हणून सगळा हस्तक्षेप वाईट, असे मी म्हणणार नाही. मध्य ऑस्ट्रेलियात तरुण मुले पेट्रोल हुंगून मेंदू आणि जीव गमावत होती. तिथल्या आदिवासी कुटुंबांनी, विशेषतः आयाबायांनी, वर्षानुवर्षे मागणी केली आणि 2005 पासून त्या भागात हुंगून नशा न येणारे पेट्रोल सरकारी अनुदानाने पुरवले गेले. युएंडुमू या वस्तीतल्या वार्लपिरी या आदिवासी समाजाच्या ज्येष्ठांनी त्याच्याही आधी, 1994 मध्ये, हुंगणाऱ्या मुलांना दूरच्या माउंट थिओ या ठिकाणी नेऊन ठेवायला सुरुवात केली होती. हेसुद्धा बंधनच होते, पण ते समाजाने मागितलेले आणि समाजानेच चालवलेले होते, आणि हुंगण्याचे प्रमाण खरोखर घसरले. 2020 मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा आदिवासींच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या भूमी परिषदांनी आपल्या वस्त्यांत बाहेरच्यांना येण्याचे परवाने थांबवले, सरकारनेही कायद्याने सीमा बंद केल्या, आणि 2021 च्या उत्तरार्धापर्यंत इथल्या दुर्गम वस्त्यांमध्ये साथ शिरली नाही.

दारूचा अनुभव मात्र गुंतागुंतीचा आहे आणि तो ‘कलम एकवीस’ यांच्या बाजूने काही सांगतो. 2022 च्या जुलैमध्ये बंदीची मुदत संपली. बंदी उठवायला हवी होती असे अनेकांचे म्हणणे होते, पण त्यानंतरची व्यवस्था कोणीच उभी केलेली नव्हती. एलिस स्प्रिंग्स या शहरात मारहाण आणि घरगुती हिंसा इतकी वाढली की 2023 च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा आणली गेली. ती परत आणा असे म्हणणाऱ्यांत आदिवासींच्याच ताब्यातील आरोग्य संस्था पुढे होत्या. पंधरा वर्षे वरून नियंत्रण चालले आणि त्या काळात स्थानिक लोकांच्या हाती निर्णयाची ताकद येऊ दिली गेली नाही, त्याची ही किंमत होती असे मला वाटते.

प्रतिसाद : गाविलगड

मी कोरकू आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या ग्रामसभेच्या कामात असतो. वरचे सगळे प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. सिपनाकाठ, तुमची तळमळ खरी आहे हे तुमच्या लिहिण्यातून कळते, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

शासनाने आमच्यात हस्तक्षेप करावा की नाही, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावे की शासन आजवर बाहेरच उभे होते. 1970 च्या दशकात व्याघ्र प्रकल्प आला तेव्हा शासन आमच्या घरात आले. गावे उठवली गेली. पुनर्वसित ठिकाणी पाणी, जमीन आणि दवाखाना यांबाबत दिलेली आश्वासने पाळली नाहीत, म्हणून 2019 मध्ये काही गावांतले लोक मुलाबाळांसह जंगलात परत गेले आणि तिथे त्यांची वनविभागाशी व पोलिसांशी चकमक झाली. आमच्या आज्या मोह, चारोळी, रानभाज्या, कंद आणि नदीतले मासे यांवर मुले वाढवत होत्या. जंगलात जाण्यावर बंधने आली आणि ताटातून ते पदार्थ गेले. त्यानंतर आमची मुले कुपोषित का, याचा अभ्यास करायला माणसे येऊ लागली. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा विषय 1993 पासून गाजतो आहे, उच्च न्यायालयात याचिका चालू आहेत, आणि दरवर्षी पावसाळ्यात मंत्र्यांचे दौरे होतात. दौऱ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात चादरी बदलतात, हे गावातल्या लहान मुलालाही माहीत आहे.

पोलीस म्हटले की आमच्या माणसाला आठवतो तो वनगुन्हा. तुम्ही मुलीला वाचवायला पोलीस आणाल, पण आईला वाटेल की आपल्याला धरायला आले आहेत. आशाताईंचे म्हणणे याच अनुभवातून आलेले आहे.

डंब्याविषयी लिहितो, कारण त्यावर आमच्यातल्यांनीच बोलले पाहिजे. ही प्रथा बंद झाली पाहिजे. आमच्या गावात ती जवळजवळ थांबली, आणि ती कोणा अधिकाऱ्याच्या भाषणाने थांबली नाही. पोट का फुगते हे कोरकू भाषेत, घरोघरी बसून, आमच्याच एका लेकीने सांगितले. ती नर्सिंग शिकून परत आली आहे. रात्री-अपरात्री तिचा फोन लागतो आणि ती येते, म्हणून लोक विळा तापवत नाहीत. 2021 मध्ये लसीकरणाच्या वेळीही असेच झाले. मराठीतली पत्रके कोणी वाचली नाहीत आणि लस घेतली की माणूस मरतो अशी अफवा पसरली. मग कोरकू भाषेत सांगणारी आमचीच माणसे पुढे आल्यावर रांगा लागायला सुरुवात झाली.

गडचिरोलीचे उदाहरण इथे अजून कोणी दिले नाही याचे आश्चर्य वाटले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोकांनी सांगितले की मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून मेलेल्या माणसाची आठवण येते आणि नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत. मग 1993 च्या सुमारास शोधग्राम या त्यांच्या संस्थेच्या आवारात गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांनी सुचवलेले माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, घरीच जंतुसंसर्गावर उपचार करायला शिकवले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई ते काम करत आहेत. त्याच जिल्ह्यात 1993 ची दारूबंदीही आधी लोकांनी मागितली, मग शासनाने आणली.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा आहे आणि आमचे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्रात 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट मिळतो. त्यातून आम्ही रात्री गाडी मिळावी म्हणून गावातल्याच एका जीपवाल्याशी ठराव केला, आणि दाखल झालेल्या मुलाच्या घरी मागे राहिलेल्या भावंडांना दोन वेळचे जेवण अंगणवाडीत देण्याचाही ठराव आहे. कोणी बाई आता ‘मागच्यांचे काय’ असे म्हणत नाही. तुमच्या गावाच्या ग्रामसभेत असा विषय कोणी ठेवला आहे का? डॉक्टरने ग्रामसभेत येऊन बसावे आणि बोलावे, याला आमच्याकडे फार मान आहे.

प्रतिसाद : सिपनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी सापडली हे आधी सांगते. पळसफूल यांचा प्रतिसाद वाचल्यावर आशाताईंसोबत मी तिच्या आईच्या माहेरच्या गावी गेले आणि आधी तिथल्या भूमकाला भेटले. त्यांनी मुलीच्या पावलावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडलेला आईला दाखवला आणि कोरकूतून काही सांगितले. त्याच संध्याकाळी आई, मुलगी आणि आजी अशा तिघी तालुक्याला गेल्या. मुलीची सूज उतरते आहे, वजन अजून हवे तसे वाढलेले नाही.

कलम एकवीस, तुमचे म्हणणे मी सोडून दिलेले नाही. भूमका तयार झाले नसते तर त्या दिवशी मी बालकल्याण समितीला कळवले असते, आणि तसे करणे बरोबर ठरले असते असे मला आजही वाटते. पण ती पाळी येण्याआधी करण्यासारखे इतके काही होते आणि त्यातले आमच्या केंद्रात काहीच घडत नव्हते, हे या चर्चेमुळे नीट दिसले. वरिष्ठांना मी लेखी मागणी केली आहे की वॉर्डात दिवस-रात्र कोरकू बोलणारी एक व्यक्ती मानधनावर नेमावी, सोबतच्या आजीलाही जेवण मिळावे आणि बुडीत मजुरी घरी जाण्याच्या दिवशीच हातात द्यावी. तिसऱ्या मागणीला निधी कधी येतो यावर अवलंबून असल्याचे उत्तर मिळाले आहे.

गाविलगड, ग्रामसभेत असा विषय आजवर आलेला नाही. पुढच्या सभेला मी यावे, याला सरपंचांनी होकार दिला आहे. भावंडांच्या जेवणाचा तुमचा ठराव कोणत्या शब्दांत लिहिला आहे आणि त्याचा खर्च निधीच्या कोणत्या बाबीखाली दाखवला आहे, हे कळवू शकाल का? आमच्या ग्रामसेवकांची पहिली शंका तीच असेल.